द्राक्षाची जात, बहुमताने

महाबळेश्वर अण्णांना माणसाची जात आडनावावरून कळे, लाकडाची वासावरून आणि वाइनची बाटलीच्या वजनावरून. पहिल्या दोन विद्यांच्या जोरावर त्यांनी पूर्वी सागवानाचा धंदा केला होता. तिसरी त्यांनी उतारवयात, दांडेलीजवळ कुळगीच्या वाटेवर 'काळीकाठ' नावाचं रिसॉर्ट काढल्यानंतर आत्मसात केली. तळाला खोल खळगा असलेली जड बाटली ती खानदानी, हलकी ती भुरटी. या शास्त्राला अपवाद नाही असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे बंगळूर-पुण्याचे शिकलेले लोक असल्यामुळे त्यांना ते लगेच पटे.

हे शास्त्र चालू असताना सुनयना मिराशी बाजूला बाटली धरून उभी असे आणि दाढेवर दाढ दाबत असे. दातांच्या डॉक्टरनं तिला विचारलंही होतं, की झोपेत दात खाता का. ती म्हणाली होती, न्हाई, ड्युटीवर.

सुनयना जोयडा तालुक्यातल्या रामनगरची. वडिलांचं बाजारात भुसारी दुकान, मूळ गाव खानापूरकडचं. बेळगावात हॉटेलचं शिक्षण, गोव्यात नोकरी आणि मग बरीच वर्षं परदेशी प्रवासी जहाजावर. तिथं वाइन निवडायची, साठवायची आणि पाहुण्याच्या ताटात काय आहे ते बघून कुठली बाटली उघडावी ते सांगायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिनं परीक्षा दिल्या होत्या, त्यांत नापास होणारे युरोपियन पाहिले होते. रामनगरात या सगळ्याला दोनच शब्द होते: 'दारू ओतती'. लग्नाची स्थळं या दोन शब्दांपर्यंत येत आणि चहा पिऊन परत जात. पुढं आई आजारी पडली म्हणून सुनयना घरी आली. आई खडखडीत बरी झाली, पण तोवर जहाज गेलं होतं.

अण्णांच्या रिसॉर्टात एक जुनं लाकडाचं गोदाम होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, आत उन्हाळ्यातही गारवा. सुनयनानं ते झाडून, वाळवी मारून, फळ्या ठोकून वाइनची खोली केली. काय मागवायचं, काय परत पाठवायचं, कुठलं पेय स्वयंपाकीण फुलाच्या हातच्या कोंबडीबरोबर जातं आणि कुठलं जात नाही, हे सगळं ती ठरवी. पगाराच्या कागदावर मात्र तिचा हुद्दा 'स्टोअर असिस्टंट' होता. असिस्टंट कुणाची, हे विचारलं की अण्णा म्हणत, "देवाची."

मग पुण्याहून निखिल आला. तो आला पाहुणा म्हणून आणि राहिला सल्लागार म्हणून. फोनवर हजारो लोक त्याचं वाइन पिणं बघत. त्याचं ज्ञान मुख्यतः मनगटात होतं. ग्लास तो इतका सुंदर फिरवी की आत काय आहे हा प्रश्न कुणाला पडत नसे. वाईट मुलगा नव्हता. सुनयनाला 'आक्का' म्हणे, आणि आक्कानं सांगितलेलं दुसऱ्या दिवशी फोनसमोर स्वतःचं म्हणून सांगताना तिच्याकडं बघून गोड हसे.

आता खोली एक आणि शहाणे दोन. अण्णांनी तोडगा काढला. वाइनची एक जंगी संध्याकाळ करायची, पाहुण्यांसमोर दोघांचे डोळे बांधायचे आणि चव घेऊन द्राक्ष ओळखायला लावायचं. जिंकेल तो वाइनप्रमुख. फलकाचा मजकूरही त्यांनीच केला: 'द्राक्षाची जात ओळखा.'

"अण्णा, जात नको," सुनयना म्हणाली. "वाण लिवा."

"वाण म्हटलं की बायकांना संक्रांत आठवती. जात म्हटलं की एका झटक्यात कळतं. आपल्याकडं जात न कळणारा एक माणूस दाखव मला."

"आणि माझी परीक्षा कशाला? मी दिल्यात की परीक्षा."

"तिकडं इंग्रजीत दिल्यास. इथं कुणी बघितलंय?" अण्णांनी फलकाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे वाच. हरेल तो जिंकणाऱ्याच्या हाताखाली. ग्लास धुण्यापास्नं सगळं. मी छापून घेतलंय, म्हंजे मागनं तंटा नको."

सुनयनानं वाचलं आणि राग आवळून हो म्हणाली. दोन वर्षं स्वतः उभ्या केलेल्या खोलीत निखिलचे ग्लास पुसण्याचा प्रसंग येईल असं तिला वाटत नव्हतं, कारण तिला स्वतःच्या जिभेची खात्री होती. जिभेचा तिथं फारसा संबंध येणार नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. जोयड्यात ती काही नवी नव्हती.

सामन्यातली शेवटची बाटली व्हिसेंतेची होती. व्हिसेंते हा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या खेड्यातला निवृत्त शाळामास्तर. दर हिवाळ्यात पक्षी बघायला काळीकाठावर येई. पक्ष्यांपलीकडं जगात काही आहे असं त्याचं मत नव्हतं, पण अण्णांसाठी त्यानं यंदा गावची एक बाटली आणली होती. अण्णांनी ती हातात तोलून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. हलकी होती. तरी पाहुण्याचा मान म्हणून तिला कापडी पिशवीत घालून शेवटी ठेवायचं ठरलं. तिचं उत्तर व्हिसेंतेनं ओठावर बोट ठेवून, इकडं तिकडं बघून, फक्त अण्णांच्या कानात सांगितलं. सुनयना लांबून बघत होती. तिला वाटलं, चला, एवढं तरी रीतसर झालं.

संध्याकाळी नदीकाठच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या. अण्णांनी ऐनवेळी मडगावहून वाजंत्री मंडळीही बोलावली होती: व्हायोलिनवाला म्होरक्या कायतान, एक गिटार, आणि मातीच्या मडक्यावर घोरपडीच्या जागी आता बकऱ्याचं कातडं ताणलेलं घुमट. वाजंत्री कशाला, हे सुनयनानं विचारलं नाही. अण्णा कशालाही वाजंत्री बोलवत. जनरेटर आणला तेव्हाही बोलावली होती.

पहिल्या बाटल्या सोप्या होत्या. नाशिकची, फ्रान्सची, एक इटलीची. सुनयनानं ओळखल्या. निखिलनंही ओळखल्या, कारण त्या खोक्यांचं छायाचित्र त्यानंच आठवड्यापूर्वी सगळ्या जगाला दाखवलं होतं. बरोबरी झाली. तेवढ्यात परशू नावाचा वाटाड्या धापा टाकत आला आणि त्यानं व्हिसेंतेला सांगितलं की अणशीच्या जंगलात बेडूकतोंड्या पक्ष्याची जोडी एका फांदीवर बसलीय. व्हिसेंतेनं दुर्बीण उचलली आणि निरोपही न घेता जीपमध्ये बसला. स्वतःच्या बाटलीकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

शेवटचा ग्लास आधी निखिलकडं गेला. त्यानं तो फिरवला. काळी पट्टी बांधलेली असतानाही तो कॅमेऱ्याच्या दिशेनंच फिरवला.

"मला चामडं मिळतंय," तो माइकमध्ये म्हणाला. "सिगारचा रिकामा डबा. व्हॅनिला. आजोबांचं कपाट. हे स्पेनच आहे, आणि द्राक्ष आहे तेम्प्रानियो."

टाळ्या पडल्या. स्पेनचं नाव घ्यायचं आणि तेम्प्रानियो म्हणायचं, म्हणजे कोल्हापूरचं नाव घेऊन रस्सा म्हणण्यासारखं. चुकलं तरी कुणी हसत नाही.

मग ग्लास सुनयनाच्या हातात आला. तिनं तो फिरवला नाही. नुसता नाकाशी धरला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिचा राग तिला सोडून थोडा बाजूला जाऊन बसला.

चामडं नव्हतं. व्हॅनिला नव्हता, म्हणजे ही दारू लाकडी पिंपात फारशी राहिलेली नव्हती. ओल्या मातीचा वास होता, पण शेताच्या नव्हे, नव्या मडक्यातल्या पाण्याचा. रांजणात मुरवलेली. तिनं घोट घेतला. पहिल्यांदा करवंद, अगदी पिकलेलं नव्हे, जिभेला अजून थोडं भांडणारं. पाठोपाठ सुकवलेल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा आंबटपणा, आणि मागं कुठंतरी बडीशेप आणि रानात चुरडलेला पाला. तोंड कोरडं पडत होतं, पण बारीक चाळणीनं चाळलेल्या पिठासारखं, मऊ. तेम्प्रानियो असतं तर एवढं आंबट राहिलं नसतं. गार्नाचा नावाचं द्राक्ष जास्त गोड आणि गरम असतं. मोनास्त्रेल इतकं हलक्या पावलांनी येत नाही, ते जेवण झाल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखं बसकण मारतं.

ही चव तिनं पूर्वी एकदाच घेतली होती. व्हॅलेन्सियाच्या बंदरात जहाज थांबलेलं, मागच्या गल्लीतली एक गुत्त्याची बाई, आणि तिनं फळीखालून काढलेली बिनकागदाची बाटली. ती बाई म्हणाली होती, हे द्राक्ष संपत आलं होतं, चार वेडे लोक पुन्हा लावतायत, नाव लक्षात ठेव. सुनयनानं ठेवलं होतं. आपल्या आयुष्यात या नावाचा काही उपयोग होईल असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आता तो होणार होता.

तिनं माइक तोंडाजवळ घेतला आणि स्वच्छ, सावकाश म्हटलं, "मांदो."

लगेच व्हायोलिन सुरू झालं.

पट्टीखालच्या अंधारात सुनयनाला आधी वाटलं, हे जिंकल्यावर वाजवतात ते असेल. घुमट घुमलं. गिटार त्यात मिसळलं. कायतान जड, हळव्या आवाजात गाऊ लागला. लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. कुणीतरी तिचा हात धरून तिला खुर्चीतून उठवलं, आणि काही कळायच्या आत ती गवतावर दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं अशी हलायला लागली होती. समोरच्या माणसाला तंबाखूचा वास येत होता. ते अण्णा होते.

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत मांडो नावाचं एक संथ गाणं म्हणतात आणि त्यावर नाचतात. जोयड्यापासून गोवा एका घाटावर आहे, त्यामुळं मांडो इथं सगळ्यांना ठाऊक. व्हॅलेन्सियाची मांदो कुणालाच ठाऊक नाही. पट्टी खाली घसरली तेव्हा सुनयनाला दिसलं, की सगळे पाहुणे उभे आहेत, झुलतायत, आणि तिच्याकडं मायेनं बघतायत. हरलेली बाई किती दिलदार, उत्तर येत नाही तर गाणं मागितलं, असं ते बघणं होतं.

"अण्णा, मी उत्तर दिलंय," ती नाचता नाचता म्हणाली, कारण अण्णा हात सोडत नव्हते.

"दिलंस की. झकास दिलंस. बघ, लोकं कशी खूश हायत."

"मांदो हे द्राक्ष हाय."

"व्हय व्हय. पाय उचल."

गाणं संपल्यावर अण्णांनी माइक हातात घेतला. व्हिसेंतेसाहेब पक्ष्यामागं गेले आणि जाताना उत्तर सांगायचं विसरले, असं त्यांनी सभेला कळवलं. मग त्यांच्यातला जुना पंचायत सदस्य जागा झाला. आता सभेनंच ठरवावं, तेम्प्रानियो वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. घुमटवाल्यानंही केला. द्राक्षाची जात बहुमतानं मंजूर झाली, निखिलला शाल आणि रानमधाची बाटली मिळाली, आणि निखिलनं छातीवर हात ठेवून सांगितलं की हा विजय आक्कांचाही आहे.

व्हिसेंते कानात बोलला ते काय होतं, असं विचारायला सुनयनानं माइककडं हात केला. अण्णांनी तो आधीच बंद केला होता.

गर्दी जेवणाकडं वळली तशी तिनं अण्णांना जिन्याशी गाठलं.

"माझं उत्तर कुणी ऐकलंच न्हाई. मी मांदो म्हटलं."

"म्हटलंस, ऐकलं की सगळ्यांनी. कायतान पण म्हणाला, बाईंनी सूर बरोबर पकडला."

"गाणं न्हाई म्हटलं मी. म्हटलं म्हंजे बोलले."

अण्णा थांबले, त्यांनी या फरकावर प्रामाणिकपणे विचार केला आणि तो त्यांना क्षुल्लक वाटला. "सुनाक्का, हार पचवायला शीक. निखिलला उद्या सकाळी चावी दे. आणि रागावू नको, तुझा चेहरा वाइनसारखा लाल झालाय. जातिवंत."

ती गोदामात गेली आणि आतून कडी लावून बसली. व्हिसेंतेला फोन लावला. अणशीत फोन लागत नाही हे माहीत असूनही पुनःपुन्हा लावला. तिला चुकल्याचा राग कधी आला नव्हता. जहाजावर ती कितीदा चुकली होती, चुकीवर हसलीही होती. पण बरोबर उत्तर भर सभेत, माइकवर, शुद्ध उच्चारात देऊन त्यावर लोकांनी नाचावं, याला काय म्हणायचं तिला कळत नव्हतं. शिव्या तिला पाच भाषांत येत. तिनं एकेक काढून बघितली. एकही पुरी पडली नाही.

सकाळी फुला चहा घेऊन आली. फुला बाजारकुणंगकडची, स्वयंपाकघराची खरी मालकीण. तिच्या तोंडाचा पट्टा वाघ-बिबट्याला घाबरत नसे, तर सुनयनाला कुठला घाबरणार.

"रात्री जेवलीस न्हाई म्हणे," फुला म्हणाली. "नाच करून पोट भरलं?"

"फुला, आज नको."

"न्हाई, नाच बरा केलास. अण्णाच्या पायावर पाय दिलास ते मी बघितलं."

"मुद्दाम दिला."

"तेच म्हणते, बरा केलास." फुलानं कप पुढं सरकवला. "आता काय, चावी देणार त्या पोराला?"

सुनयनानं चहाचा घोट घेतला. चावी तिच्या ओच्यात खोचलेली होती आणि मांडीला टोचत होती.

न्याहारीच्या मांडवात सगळे पाहुणे जमले होते. निखिल शाल पांघरूनच आला होता, हवा गार होती म्हणून नव्हे. त्यानं हात पुढं केला. "आक्का, चावी. आणि एक सांगू? मनाला लावून घेऊ नका. कधीकधी जीभ थकते."

"माझी न्हाई थकलेली," सुनयना म्हणाली. "तुम्हाला दाखवू का?"

तेवढ्यात जीप आली. व्हिसेंते उतरला, डोळे तारवटलेले, केसांत पाला, चेहऱ्यावर नवरदेवाचा आनंद. दोन्ही पक्षी दिसले होते. त्यानं अण्णांना मिठी मारली, खुर्ची ओढली आणि इंग्रजीत विचारलं, की काय, माझी मांदो कुणी ओळखली का?

"वाजवली, साहेब," अण्णा अभिमानानं म्हणाले. "फर्स्ट क्लास वाजवली."

व्हिसेंतेला कळेना. त्यानं पुन्हा विचारलं. अण्णांनी पुन्हा सांगितलं, की तुमच्या फर्माइशीसाठी खास मडगावहून माणसं आणली, व्हायोलिनसकट. व्हिसेंते म्हणाला, फर्माइश नव्हे, द्राक्ष. मी तुमच्या कानात द्राक्षाचं नाव सांगितलं होतं. मांदो. आमच्या डोंगरात होतं, जवळजवळ गेलं होतं, आता पुन्हा लावतात. ते कुणी ओळखेल अशी मला आशाच नव्हती.

अण्णांच्या हातातली इडली सांबारात पडली.

"मला वाटलं मांडो," ते सुनयनाकडं न बघता म्हणाले. "गोऱ्या लोकांना द म्हणता येत न्हाई. दांडेलीला डांडेली म्हणत्यात. हे साहेब मांदो म्हणाले, तर मी म्हटलं, उलटं अडखळले असतील. मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं."

"आणि मी म्हटलं ते?"

"तुझं पण दुरुस्त केलं."

सुनयनाला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. राग पोटातून छातीत आला आणि तिथं न थांबता वर आला.

"आता त्याच माइकवर सांगा," ती म्हणाली. "याच लोकांना."

"अगं, झालं गेलं. निखिलचा व्हिडिओ रात्रीच गेलाय. लोकांनी बघितलाय. आपण आतल्या आत निस्तरू. काम सगळं तूच बघ, पाटी नुसती त्याची."

"काम मीच बघते. दोन वर्षं तेच चाललंय. पाटीसाठीच नाचले काल."

निखिल पुढं आला. आक्का बरोबर असतील तर तो आनंदानं पुन्हा सामना खेळायला तयार होता. आज संध्याकाळीच. मांदो हा विषय फार सुंदर आहे, त्यावर एक वेगळा व्हिडिओ होईल, असंही तो म्हणाला. आजूबाजूच्या टेबलांवरून वा वा आलं. खिलाडूपणा म्हणजे काय ते लोकांना दिसत होतं. जो हरला तो पुन्हा खेळायला तयार, आणि जी जिंकली तिनं पुन्हा सिद्ध करावं. कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माइक हातात घेतला. "मंडळी, काल आमच्या सुनाक्कांनी मांदो म्हटलं ते…"

"वन्स मोअर," मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले. लोक हसले. कुणीतरी ताल धरला.

"तसं न्हाई, तसं न्हाई," अण्णा म्हणाले. "मुद्दा असा, की कालचा निकाल बदलायचा का? सभेचं मत घेऊ. बदलावा असं वाटतं त्यांनी हात वर…"

हात वर जायला लागले. काही बदलण्यासाठी, काही नुसते, काही डोश्यासाठी.

"हात खाली करा," सुनयना म्हणाली.

तिनं माइक घेतला नव्हता. लागलाच नाही. जहाजावर वादळात जेवणघर रिकामं करायला लावणारा तो आवाज होता आणि तो तिनं जोयडा तालुक्यात पहिल्यांदाच काढला. हात खाली गेले. डोश्यासाठी वर केलेलाही गेला. स्वयंपाकघराच्या दारात फुला कढईतला झारा वर धरून उभी होती. तिनंही तो खाली केला.

"मी मराठीत सांगते," सुनयना म्हणाली. "मांदो हे द्राक्ष हाय." मग तेच तिनं कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. शेवटी व्हिसेंतेकडं वळून स्पॅनिशमध्ये. प्रत्येक भाषेत तेवढंच वाक्य, एक शब्द जास्त नाही. व्हिसेंते उभा राहिला आणि त्यानं होकारार्थी मान हलवली, शाळेत मुलाचं गणित बरोबर आल्यावर हलवत असेल तशी.

"हे मी काल चव घेऊन ओळखलं आणि माइकवर सांगितलं. तुम्ही नाचला. नाचा, माझं काही म्हणणं न्हाई. पण यावर मत घेता येत न्हाई. तुम्ही सगळ्यांनी हात वर करून ही इडली पुरणपोळी हाय म्हटलं, तर गोड लागणार हाय का?"

पुण्याच्या एका बाईंनी समोरच्या इडलीकडं संशयानं बघितलं.

"आणि अण्णा, फलकावर खाली काय छापलंय ते वाचा. तुम्हीच छापून घेतलंय, मागनं तंटा नको म्हणून."

अण्णांनी फलकाकडं बघितलं. तो अजून खांबाला टांगलेला होता. त्यांना तो पाठ होता, तरी त्यांनी वाचायला बराच वेळ लावला. मग पाहुण्यांकडं बघितलं. लाकडाच्या लिलावात किती पुढं जायचं आणि कुठं थांबायचं हे त्यांना जन्मभर कळत आलं होतं, आणि आत्ता मांडवातला वारा कुठं वाहतोय तेही कळलं.

"चावी तुझ्याकडंच राहू दे," ते म्हणाले. "पाटी आज रंगवून घेतो. तुझ्या नावाची."

"माझ्या पूर्ण नावाची. सुनाक्का न्हाई."

"व्हय गे बाई, पूर्ण नावाची."

"आणि फलकाचा उरलेला भाग?"

अण्णांनी नदीकडं बघितलं. नदीनं काही सुचवलं नाही. "निखिलराव," ते हळूच म्हणाले, "तसं छापलंय खरं."

निखिल हसला. त्याला ती गंमत वाटली. मग त्यानं सुनयनाचा चेहरा बघितला आणि हसू खांद्यावरच्या शालीसारखं हळूहळू घसरलं.

"कालचे ग्लास गोदामात मोरीजवळ ठेवलेत," सुनयना म्हणाली. "साबण लावायचा न्हाई, वास राहतो. गरम पाणी फुला देईल. न्याहारी झाली की या."

ती गेली. तिनं गोदामाचं कुलूप उघडलं, दिवा लावला, बाटल्यांच्या रांगांवरून नजर फिरवली आणि खुर्चीत बसली. राग गेला नव्हता. जिंकल्यावर तो जाईल असं तिला वाटलं होतं, पण तो नुसता कामाला लागल्यासारखा झाला होता. काल हिरवळीवर माना डोलावणारं एकेक तोंड तिला आठवत होतं. त्यातलं एकही मघाशी चुकलो म्हणालं नव्हतं. व्हिसेंतेही आपल्या पक्ष्यांची चित्रं दाखवायला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला असणार.

निखिल येणार नाही, असं तिनं धरलं होतं. तो आला. बाह्या सरसावून, शाल काढून आला, आणि दारातच थांबून त्यानं फोन मोरीच्या कठड्याला नीट टेकवला.

"आक्का, एक छोटासा व्हिडिओ करू का? मी ग्लास धुतोय आणि तुम्ही मागून मांदोबद्दल सांगताय. लोकांना खूप आवडेल. नम्रतेचा प्रवास वगैरे."

सुनयना उठली. तिनं फोन उचलला, स्वतःच्या ऍप्रनच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"देठ धरून पुसायचा," ती म्हणाली. "वरच्या वाटीला बोट लागलं तर परत धुवायचा."

निखिलनं पहिला ग्लास पुसून उजेडात धरला. तिनं तो बघितला.

"परत," ती म्हणाली.